सांता फेचा रस्ता : माल वाढला, मालक घटले

व्यापारी रस्त्यांचा विषय निघाला की रेशमाच्या रस्त्याची आणि मसाल्याच्या जहाजांची चर्चा होते. साध्या मांजरपाटाच्या आणि छिटाच्या रस्त्याची आठवण कुणी काढत नाही. पण असा एक रस्ता होता. अमेरिकेच्या मिसुरी राज्यातून निघून गवताळ मैदाने आणि पाण्यावाचूनचा मुलूख ओलांडून तो मेक्सिकोच्या सरहद्दीवरील सांता फे या शहरात पोहोचत असे. लांबी सुमारे १२५० किलोमीटर. त्यावर १८२१ पासून १८८० पर्यंत, म्हणजे जवळजवळ साठ वर्षे, बैल आणि खेचरे जोडलेल्या गाड्यांचे तांडे चालले. त्या गाड्यांत निम्म्याहून अधिक माल कापडाचा होता.

मी कापडाचा व्यापारी आहे, इतिहासाचा अभ्यासक नाही. या रस्त्याकडे मी व्यापाऱ्याच्या नजरेने पाहतो. माल कोणता होता, तो कोणी कुठून उचलला, महसूल किती पडला, नफा किती उरला आणि शेवटी दुकान कोणाचे राहिले, एवढेच प्रश्न मी त्याला विचारतो. त्यांची उत्तरे आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांना उपयोगी पडतील असे वाटते.

बंद दरवाजा उघडला

१८२१ पूर्वी सांता फे स्पेनच्या अमलाखाली होते. स्पेनने परक्या व्यापाऱ्यांना तेथे बंदी केली होती. जे गेले ते पकडले गेले. १८१२ मध्ये मिसुरीहून माल घेऊन गेलेल्या रॉबर्ट मॅकनाइट आणि त्याच्या साथीदारांचा माल जप्त झाला आणि त्यांना आठ-नऊ वर्षे कैदेत काढावी लागली. सांता फेला लागणारे कापड दक्षिणेकडून येत असे. वेराक्रूझ बंदरात उतरलेला माल मेक्सिको शहर आणि चिवावा मार्गे शेकडो कोस वर चढत असे. वाटेत प्रत्येक हात आपला नफा जोडत असे. त्यामुळे साधे छीट, अगदी कोरे कापडसुद्धा, सांता फेत दोन ते तीन डॉलर ‘वारा’ या भावाने विकले जात असे. ‘वारा’ हे स्पॅनिश माप आपल्या वाराहून थोडे लहान, सुमारे ३३ इंचांचे. नावही आपल्या वारासारखेच आहे.

इकडे मिसुरीत १८१९ च्या मंदीने पैसा आटला होता. बँका बुडाल्या होत्या, हातात नाणे नव्हते. विल्यम बेकनेल नावाचा एक माणूस कर्जात गळ्यापर्यंत बुडाला होता आणि त्याच्यावर तुरुंगाची पाळी आली होती. जून १८२१ मध्ये त्याने वर्तमानपत्रात जाहिरात दिली. पश्चिमेकडे व्यापारासाठी जायचे आहे, येणाऱ्या प्रत्येकाने दहा डॉलर भांडवल घालावे, असा तिचा मतलब होता. १ सप्टेंबरला तो थोड्या साथीदारांसह, ओझ्याच्या जनावरांवर माल लादून निघाला. त्याच सुमारास मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाला होता. १६ नोव्हेंबर १८२१ रोजी बेकनेल सांता फेत पोहोचला तेव्हा त्याला अटक झाली नाही, उलट स्वागत झाले. माल हातोहात खपला. चांदीची नाणी घेऊन तो परतला आणि १८२२ मध्ये तीन गाड्या घेऊन पुन्हा निघाला. या वाटेवर माल भरलेल्या गाड्या नेणारा तो पहिला.

मेक्सिकोच्या चांदीच्या नाण्याची किंमत डॉलरच्या बरोबरीची होती आणि अमेरिकेत ते १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होते. मिसुरीच्या बाजारात पुन्हा पैसा खेळू लागला तो मोठ्या प्रमाणात या चांदीमुळे. परतीला चांदीबरोबर खेचरे, कातडी आणि लोकरही येत असे.

तांड्याचा बंदोबस्त

जोसाया ग्रेग हा तरुण प्रकृती सुधारावी म्हणून १८३१ मध्ये या तांड्याबरोबर गेला आणि व्यापारीच होऊन बसला. १८४४ मध्ये त्याने या व्यापारावर पुस्तक छापले. त्यात त्याने वर्षावार हिशेब दिला आहे. या लेखातील बरेच आकडे त्याचेच.

वसंत ऋतूत गवत वाढले की इंडिपेंडन्स गावी गाड्या भरल्या जात. एका गाडीला साधारण आठ खेचरे किंवा तितकेच बैल. माल सुमारे ५००० पौंड, म्हणजे सव्वादोन टन. गठ्ठे इतके घट्ट आणि निगुतीने रचले जात की एवढा खडखडाट सोसूनही मालाची खराबी पक्क्या सडकेवरच्या किंवा जलमार्गावरच्या वाहतुकीपेक्षा कमी होत असे. लादणी करणाऱ्या माणसाची किंमत आपण जाणतोच.

पहिले टप्पे ज्याचे त्याने पार करायचे. सुमारे २३० किलोमीटरवर कौन्सिल ग्रोव्ह येथे सगळे एकत्र जमत. तेथे तांड्याचा कप्तान मतदानाने निवडला जाई आणि रात्रीच्या पहाऱ्याच्या पाळ्या ठरत. पुढे आर्कान्सा नदी ओलांडली की सिमरॉन नदीपर्यंत सुमारे ८० किलोमीटर पाण्याचा थेंब नाही. डोंगराकडून रॅटन घाटाने जाणारी दुसरी वाट होती. तिला पाणी होते, पण ती लांबची आणि गाड्यांना जिकिरीची. भरलेल्या गाड्यांना एकूण प्रवास दोन महिन्यांहून अधिक लागे.

हा मुलूख रिकामा नव्हता. तो ओसेज, कान्सा, कोमांचे, कायोवा अशा लोकांचा होता. १८२५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने रस्त्याची पाहणी आणि वाटेच्या हक्कासाठी ३०,००० डॉलर मंजूर केले. ओसेज आणि कान्सा यांच्याशी थोडक्या मोबदल्यात करार झाले. पुढे कान्सा लोकांना १८७३ मध्ये कौन्सिल ग्रोव्हचा परिसरच सोडावा लागला. ज्यांच्या जमिनीवरून रस्ता गेला, त्यांच्या हाती त्यातले काही राहिले नाही.

रक्तपाताची किंमतही हिशेबात दिसते. १८२८ मध्ये दोन तरुण व्यापाऱ्यांची हत्या झाली. तिचा सूड म्हणून तांड्यातील लोकांनी समोर आलेल्या दुसऱ्याच काही आदिवासींना मारले. ते बहुधा निर्दोष होते, असे ग्रेग स्वतःच लिहितो. मग हल्ले सुरू झाले आणि पुढच्या वर्षी लष्कराची सोबत मागावी लागली. १८२८ मध्ये दीड लाख डॉलरचा माल गेला होता, १८२९ मध्ये तो ६० हजारांवर आला. सूड घेणाऱ्यांनी घेतला, भरपाई सगळ्या बाजाराने केली.

कोणता माल चालला

आपल्याला रस आहे तो गाडीच्या आतील मालात. ग्रेगच्या सांगण्याप्रमाणे मालाचा कणा म्हणजे अमेरिकन गिरण्यांचे साधे सुती कापड. निम्मे कोरे, निम्मे धुवट. एकूण मालाचा किमान अर्धा भाग त्याचा असावा आणि त्याच्या निम्म्याइतके छीट घ्यावे, हा त्याचा अनुभव. निळे ड्रिल आणि सुती मखमल यांनाही मागणी असे. इंग्लंडचे कापडही स्पर्धेत होते, पण गिऱ्हाईक अमेरिकन कापड मागे, कारण ते जड आणि टिकाऊ होते. सरहद्दीवरच्या माणसाला अंगावर टिकणारे कापड हवे होते. ज्या व्यापाऱ्याने हे ओळखले त्याचा माल पडून राहिला नाही.

नफ्याबद्दल मात्र गैरसमज फार आहेत. सुरुवातीचे भाव ऐकून लोकांना वाटे की सांता फेत सोने सांडले आहे. पण माल वाढला तसे भाव उतरले. ग्रेगच्या काळात खरेदीवर ठोक वाढ सहसा १०० टक्क्यांपेक्षा जास्त मिळत नसे. खर्च वजा जाता २० ते ४० टक्के उरत. कित्येकदा १० टक्क्यांच्याही खाली, आणि काही वेळा तोटा. त्यात दोन महिन्यांचा प्रवास, मेलेली जनावरे आणि माल विकून होईपर्यंत अडकलेले भांडवल धरा. ज्यांनी पहिल्या वर्षाचा भाव गृहीत धरून उधारीवर माल उचलला, त्यांची काय गत झाली असेल ते व्यापाऱ्याला सांगायला नको.

महसुलाचा खेळ

सांता फेत जकातीचे ठाणे होते. कापडावर मेक्सिकोचा महसूल वाराच्या मापाने होता. साध्या विणीच्या सुती कापडावर, ते पांढरे असो की छापील, साडेबारा सेंट वारा. त्यावर खपाचा कर वेगळा. दोन्ही मिळून किमान पंधरा सेंट. किमतीवर कर असला तर स्वस्त मालावर कमी आणि महाग मालावर जास्त पडतो. मापावर असला तर जाडेभरडे कापड नेणारा आणि उंची कापड नेणारा दोघे सारखेच भरतात. म्हणजे गरिबाच्या अंगावरच्या कापडावर बोजा अधिक.

१८३९ मध्ये गव्हर्नर मानुएल आर्मिहो यांनी नवा फतवा काढला. गाडी लहान असो की मोठी, माल कोणताही असो, दर गाडीमागे ५०० डॉलर. त्या वर्षी १३० गाड्यांत अडीच लाखांचा माल गेला, म्हणजे सरासरी एका गाडीत १९०० डॉलरचा. कर पडला त्याच्या चौथाईहून अधिक. व्यापाऱ्यांनी उपाय काढला. गाड्या मोठ्या केल्या, लहान गाड्यांतला माल मोठीत भरला. सरकारचे उत्पन्न घटले आणि काही काळाने किमतीवरचा कर परत आला. पण यात एक बारीक गोष्ट आहे. मोठी गाडी आणि तिच्यासाठी जादा जनावरे कोण घेऊ शकत होता? ज्याच्याजवळ भांडवल होते तो. एक लहान गाडी घेऊन येणाऱ्याला तो फतवा सर्वांत जड गेला.

शिवाय ठाण्यावर तडजोडही चाले. ग्रेग सांगतो की कायदेशीर महसुलाचे तीन वाटे होत. एक अधिकाऱ्यांचा, एक सरकारचा, एक व्यापाऱ्याचा. पुढे चिवावाकडे माल न्यायचा तर ‘गिया’ नावाचा परवाना लागे. त्यात प्रत्येक जिन्नस स्पॅनिशमध्ये बिनचूक लिहिलेला हवा. मजकुरात फरक निघाला तर जप्तीची भीती. २०१८ पासून आपण जे ई-वे बिल भरतो, त्याचा हा जुना भाऊबंद समजा. अशा कागदांसाठी भाषा जाणणारा आणि ठाण्यावर ओळख असणारा माणूस लागे. तीही मोठ्यांनाच परवडणारी गोष्ट.

अमेरिकेकडूनही अडचण होती. युरोपचा माल आयात करून तो सांता फेला पाठवणाऱ्याला आयातीचा महसूल परत मिळत नसे. समुद्रमार्गे माल पाठवणाऱ्याला मिळे. खुष्कीच्या व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरली आणि ३ मार्च १८४५ रोजी तसा परताव्याचा कायदा झाला. तोपर्यंत पुष्कळ लहान व्यापारी बाहेर पडले होते.

तीन आकडे

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ग्रेगच्या तक्त्यात मालाची किंमत, गाड्या आणि माणसे यांबरोबर आणखी एक रकाना आहे. तांड्यातील माणसांपैकी मालाचे मालक किती, हे त्यात दिले आहे.

१८२२ मध्ये १५,००० डॉलरचा माल गेला. माणसे ७०, त्यांपैकी मालक ६०. म्हणजे जवळजवळ प्रत्येक जण स्वतःचा माल घेऊन चालला होता.

१८३१ मध्ये अडीच लाखांचा माल गेला. माणसे ३२०, मालक ८०.

१८४३ मध्ये साडेचार लाखांचा माल, २३० गाड्या, माणसे ३५०. मालक फक्त ३०.

हिशेब करून पाहा. १८२२ मध्ये एका मालकाचा माल सरासरी २५० डॉलरचा होता. १८४३ मध्ये सरासरी १५,००० डॉलरचा. म्हणजे पहिल्या वर्षी साठ मालकांचा मिळून जेवढा माल होता, तेवढा वीस वर्षांनी एकेका मालकाचा झाला. व्यापार तीसपट वाढला आणि मालक निम्मे झाले. उरलेले ३२० लोक पगारावर गाडी हाकणारे आणि जनावरे सांभाळणारे होते.

कोणी असे म्हणू शकेल की व्यापाराचा नियमच हा, मोठा मासा लहानाला खातो. पण येथे एका मोठ्याने साऱ्या लहानांना मारले असे दिसत नाही. भाव उतरले, नफा पातळ झाला. पातळ नफ्यावर जगायला माल जास्त हवा. जास्त माल हवा तर खरेदी थेट मुळाशी हवी, फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कला. त्यासाठी पत हवी. अशी एक एक पायरी चढत गेली आणि दर पायरीला काही लोक खाली राहिले.

त्या ३० मालकांत सगळे अमेरिकन होते असेही समजू नये. तिकडचे मेक्सिकन व्यापारी आधी दुकानात बसून माल घेत. मग त्यांनी विचार केला की मिसुरीचा माणूस जिथून आणतो तिथून आपण का आणू नये? चावेझ, पेरेआ, ओतेरो, आर्मिहो या घराण्यांनी स्वतःच्या गाड्या उलट दिशेने पाठवल्या. गव्हर्नर आर्मिहो स्वतःही या व्यापारात होते. बेलेन गावचे फेलिपे चावेझ न्यूयॉर्कच्या आडतीशी थेट व्यवहार करत. हा मार्ग निर्धोक नव्हता. १८४३ मध्ये अन्तोनियो होसे चावेझ हे व्यापारी थोड्या नोकरांसह रोकड घेऊन मिसुरीकडे येत असता वाटेत लुटारूंनी त्यांना ठार केले. लुटारूंच्या म्होरक्याला पुढे फाशी झाली. पण गिऱ्हाईकाच्या जागी बसलेल्या व्यापाऱ्याने मुळाशी जाऊन खरेदी केली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

लष्कर आले, मग रेल्वे आली

१८४६ मध्ये अमेरिका आणि मेक्सिको यांचे युद्ध सुरू झाले. व्यापाऱ्यांच्या चाकोरीनेच जनरल कर्नीचे सैन्य आले आणि १८ ऑगस्ट १८४६ रोजी त्याने सांता फे घेतले. १८४८ च्या तहाने तो सारा मुलूख अमेरिकेचा झाला. जकातीचे ठाणे गेले. आता गाड्यांत व्यापाऱ्यांच्या मालाबरोबर फौजेचे सामान भरले जाऊ लागले. १८५१ मध्ये उभारलेला फोर्ट युनियन ही त्याची मोठी वखार झाली. वाहतुकीचा धंदा वाढला, पण तो मोठ्या कंत्राटदारांचा.

मग रेल्वे आली. ती एकदम आली नाही, हे महत्त्वाचे. ती वर्षानुवर्षे एक एक गाव पुढे सरकत होती आणि गाड्यांचा रस्ता तेवढा तेवढा आखूड होत होता. ज्यांना दिसत होते त्यांना दिसत होते. ओतेरो, सेलर आणि कंपनी या आडत पेढीने काय केले पाहा. रेल्वे जिथे थांबेल तिथे ते आपले दुकान-वखार उभारत. रूळ पुढे गेले की ते मोडून पुढच्या गावी नेत. कॅन्ससमधून कोलोरॅडोत, कोलोरॅडोतून न्यू मेक्सिकोत, असे करत ही पेढी रुळांबरोबर लास व्हेगास या न्यू मेक्सिकोतील गावी पोहोचली. तेथे चार्ल्स इल्फेल्ड हा जर्मन ज्यू व्यापारी १८६७ पासूनच बसला होता. गाड्यांच्या काळात दुकान सुरू करून रेल्वेच्या काळात ठोक व्यापारी म्हणून तो मोठा झाला. ४ जुलै १८७९ रोजी रेल्वे लास व्हेगासला पोहोचली.

९ फेब्रुवारी १८८० रोजी सांता फेत पहिली आगगाडी आली आणि गाड्यांचा रस्ता संपला. यातही एक गंमत आहे. त्या रेल्वे कंपनीच्या नावात सांता फे होते, पण तिचा मुख्य मार्ग सांता फेवरून गेलाच नाही. चढण अवघड म्हणून तो बाजूने गेला आणि शहराला केवळ एक फाटा मिळाला. तोही जिल्ह्याने दीड लाख डॉलरचे रोखे मंजूर केल्यावर. साठ वर्षे ज्या शहराच्या नावाने व्यापार चालला, तेथून ठोक बाजार आल्बुकर्क आणि लास व्हेगासकडे वळला.

कारागिराचे काय झाले

सांता फेच्या आसपासच्या गावांत पूर्वीपासून लोकरीचे मागवाले होते. घरच्या मेंढ्यांची लोकर, घरचा माग. त्यांच्या घोंगड्या दक्षिणेत चिवावापर्यंत विकल्या जात. गाड्यांतून गिरणीचे कापड आले आणि अंगावरच्या कापडाची त्यांची विणाई हळूहळू मागे पडली. वारावर विकले जाणारे साधे कापड गिरणीशी टिकू शकले नाही. रेल्वेबरोबर कारखान्यात कातलेले रंगीत सूतही आले.

टिकली ती घोंगडी. चिमायो या गावात काही घराणी पिढ्यान् पिढ्या विणत आली आहेत आणि आजही तेथे माग चालू आहेत. त्यांच्या विणीला स्वतःची नक्षी आणि गावाचे नाव होते. रेल्वेने आलेला प्रवासी ती आठवण म्हणून विकत घेऊ लागला. पण माप, रंग आणि नक्षी अनेकदा सांता फेचा दुकानदार सांगू लागला आणि नफ्याचा मोठा वाटाही त्याच्याकडे गेला. हात कारागिराचा आणि गिऱ्हाईक दुकानदाराचे, हे दृश्य आपल्या मागवाल्यांना परके वाटू नये.

आपण काय मोजतो

अमेरिकेच्या सरकारने १९८७ मध्ये या वाटेला राष्ट्रीय ऐतिहासिक मार्गाचा दर्जा दिला. डॉज सिटी आणि फोर्ट युनियनजवळ गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या आजही जमिनीत दिसतात.

आपल्या बाजाराचे वर्णन आपण नेहमी उलाढालीने करतो. इतक्या कोटींचा माल, इतके ट्रक, इतके ताके. सांता फेच्या रस्त्यावरही १८४३ साली कोणी एवढेच मोजले असते तर म्हणाला असता की व्यापार असा कधीच चालला नव्हता. आणि ते खरेही होते. पण ग्रेगने मालकही मोजले, म्हणून दुसरी गोष्ट आपल्याला कळली.

त्या साठ लहान मालकांना एकत्र राहण्याची रीत माहीत होती. कौन्सिल ग्रोव्हला ते कप्तान निवडत, पहारा वाटून घेत, पाण्यावाचूनची वाट एकमेकांच्या आधाराने पार करत. मात्र ही एकी वाटेपुरतीच राहिली. न्यूयॉर्कला मिळून खरेदी करणे, कागदपत्रांसाठी मिळून एक जाणता माणूस ठेवणे, मोठी गाडी भागीदारीत घेणे, हे थोड्यांनीच केले. चोरापासून माल वाचवायला ते एकत्र आले. नफा पातळ होऊ लागला तेव्हा प्रत्येक जण आपापल्या गाडीपाशी एकटा होता.

आपल्या बाजारपेठांत व्यापारी मंडळे आहेत, मागवाल्यांच्या संघटना आहेत. त्यांच्या बैठकीत उलाढालीचा आकडा वाचून दाखवला जातो. पुढच्या बैठकीत कोणीतरी उठून एवढेच विचारावे की वीस वर्षांपूर्वी आपल्या पेठेत स्वतःच्या मालाचे मालक किती होते आणि आज किती आहेत. आकडा वहीत लिहून ठेवावा. तो दरवर्षी घटताना दिसला, तर खरेदी मिळून करण्याची बोलणी लांबणीवर टाकू नयेत.